चित्रप्रदर्शन पाहून सुचलेले काही विचार

शाळेत चित्रप्रदर्शन भरले म्हणजे पालकमंडळी ते कशी पाहतात, हेही चित्रांइतकेच पाहण्यासारखे असते. बहुतेकजण दारातून आत येताच आपल्या पाल्याचे चित्र कोठे लावले आहे याचा शोध घेतात. ते सापडले की त्याखालच्या चिठ्ठीवर क्रमांक आहे की नाही हे पाहतात. आणि मग उरलेल्या चित्रांवरून, आगगाडीच्या खिडकीतून लहान स्टेशने पाहावीत त्याप्रमाणे, दृष्टी फिरवून बाहेर पडतात. यात त्यांना फारसा दोष देता येत नाही. गणिताच्या उत्तरपत्रिकेवर गुण लिहिलेले असतात, निबंध वाचून त्याचा बरेवाईटपणा कसाबसा ठरविता येतो. परंतु चित्र पाहून काय ठरवावयाचे, हे आपणांस कोणी कधी शिकविलेलेच नसते. ‘छान आहे’, ‘हुबेहूब आहे’, ‘रंग फार सुंदर भरले आहेत’ या तीन वाक्यांत आपले सारे रसग्रहण आटोपते. सालवड येथे नुकतेच विद्यार्थ्यांच्या चित्रांचे एक प्रदर्शन भरले होते. ते पाहून मनात जे आले ते येथे मांडण्याचे योजिले आहे. ते सर्वांस पटेलच असे नाही. चित्रकला शिकविणाऱ्या माझ्या मित्रांस तर त्यातील निम्मे बहुधा पटणार नाही.

प्रदर्शन नीटनेटके होते यात शंका नाही. प्रत्येक चित्राला पांढऱ्या कागदाची चौकट, खाली विद्यार्थ्याचे नाव व इयत्ता, बोटे लागू नयेत म्हणून पुढे बांधलेली सुतळी, आणि स्वयंसेवक मुलांची लगबग. यासाठी गुरुजींनी व मुलांनी कित्येक दिवस खपून काम केले असले पाहिजे. त्या श्रमांविषयी आदर बाळगूनच पुढील गोष्ट लिहितो. पाचवीपासून आठवीपर्यंतच्या चित्रांपुढून सावकाश चालत गेले असता असे दिसून आले की, निसर्गदृश्य म्हटले म्हणजे आमच्या मुलांच्या डोळ्यांपुढे एकच दृश्य उभे राहते. दोन निळसर डोंगर, त्यांच्या खिंडीत अर्धा उगवलेला सूर्य, त्याच खिंडीतून वळणे घेत खाली येणारी नदी, काठी एक कौलारू घर, घरापाशी वाकलेली दोन नारळाची झाडे, आणि आकाशात आडव्या पाडलेल्या तीनच्या आकड्यासारखे पक्षी. कोणी सूर्य तांबडा केला होता, कोणी पिवळा. चित्राखालची नावे निरनिराळी होती, म्हणून ती निरनिराळी चित्रे म्हणावयाची, इतकेच.

हे दृश्य सालवडचे नव्हे. आपल्या पूर्वेस दूरवर डोंगर आहेत व सूर्य त्यांच्यामागून उगवतो, हे खरे. परंतु त्या डोंगरांच्या आणि आपल्या मध्ये काय काय आहे! बोईसरचे स्टेशन आहे, लोहमार्ग व त्यावरील विजेच्या तारा आहेत, तारापूर औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांची धुराडी आहेत, वळणावर अडकून पडलेले टँकर आहेत. पाळी सुटली म्हणजे रस्त्यावर माणसांचा जो लोंढा येतो, तो पाहून वेळ सांगता येते. पश्चिमेस जावे तर चिंचणी-तारापूरचा किनारा, आणि जेथे १९६९ साली वीजनिर्मिती सुरू झाली ते अणुविद्युत केंद्र. मध्ये अजून भाताची खाचरे शिल्लक आहेत, ताडाची झाडे आहेत, पावसाळ्यात गुडघाभर पाण्यात लावणी करणारी माणसे आहेत. एवढे सारे ज्यांच्या डोळ्यांपुढे रोज आहे, त्यांनी कधी न पाहिलेल्या खिंडीतून नदी काढीत बसावे, याचे आश्चर्य वाटल्यावाचून राहत नाही.

नाताळच्या भेटकार्डांचा एक कोपरा होता. तेथे तर बर्फ पडत होते! सूचिपर्णी वृक्ष, घरांच्या छपरांवर हिमाचे थर, घसरगाडी ओढणारी हरणे. कार्ड काढणाऱ्या मुलांपैकी बर्फ पडताना पाहिलेले मूल क्वचितच असेल; डिसेंबरात आपल्याकडे सकाळी अंगावर चादर ओढावी एवढीच थंडी पडते. या संबंधात आंजेलो द फोन्सेका या चित्रकाराची हकीकत मुलांना सांगण्यासारखी आहे. १९०२ साली गोव्यात जन्मलेल्या या गृहस्थाने मुंबईस वैद्यकाचा अभ्यास सोडून चित्रकलेचा मार्ग धरला, शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांच्यापाशी शिक्षण घेतले, आणि पुढे येशूची माता मेरी ही आपल्याकडील स्त्रीप्रमाणे लुगडे नेसलेली, सावळ्या वर्णाची अशी रंगविली. गोव्यात त्यावर फार टीका झाली. तेव्हा त्यांनी पुणे जवळ केले व १९६७ साली मरण येईपर्यंत तेथेच राहून शेकडो चित्रे काढली. आज त्या चित्रांचा गौरव होतो. बाळ येशूचा जन्म गोठ्यात झाला; गोठा म्हणजे काय हे हिमप्रदेशातील मुलापेक्षा पालघर तालुक्यातील मुलास अधिक ठाऊक असावयास हवे. मग आमच्या कार्डावर आमच्याकडचा गोठा का नसावा?

ही ठरीव चित्रे मुलांच्या हाती येतात कोठून? पूर्वी ती दिनदर्शिकांवरून येत. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछाप छापखाना काढल्यापासून छापील रंगीत चित्रे घरोघरी गेली, आणि भिंतीवरचे चित्र म्हणजे काय याची एक ठाम कल्पना लोकांच्या मनात बसली. आता ती मार्गदर्शक पुस्तिकांतून व मोबाइलच्या पडद्यावरून येतात. पडदा समोर ठेवून त्यावरून चित्र उतरविणारी मुले आपण घरोघरी पाहतो. परंतु अधिक विचार करण्यासारखी गोष्ट परीक्षांची आहे. शासकीय रेखाकला परीक्षांत, म्हणजे एलिमेंटरी व इंटरमीजिएट यांत, वस्तुचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन यांबरोबर ‘स्मरणचित्र’ नावाची एक प्रश्नपत्रिका असते. नाव किती सुंदर आहे! आपण पाहिलेला बाजार, एस्. टी.चा थांबा, जत्रा, यांतील जे मनात राहिले असेल ते स्मरून काढावयाचे. प्रत्यक्षात काय घडते? शिकवणीच्या वर्गात भाजीवालीची एक बसलेली आकृती, पिशवी घेतलेला एक पुरुष, छत्री घेतलेली एक स्त्री व बोट धरून चालणारे एक मूल, अशा चार आकृती पाठ करून घेतात. विषय बाजार असो वा बसथांबा, त्याच चार आकृती मागे-पुढे करून बसवितात. स्मरण होते ते पुस्तकाचे, बाजाराचे नव्हे. इंटरमीजिएटची श्रेणी मिळाली म्हणजे शालान्त परीक्षेत वाढीव गुण मिळतात, म्हणून पालकही त्यास संमती देतात. गुणांचा मोह वाईट आहे असे मी म्हणत नाही. गरीब घरच्या मुलास दोन-चार गुणांनी महाविद्यालयाचे दार उघडत असेल तर ते त्याने अवश्य मिळवावे. परंतु मग त्या पत्रिकेला स्मरणचित्र हे नाव तरी ठेवू नये.

खरे स्मरणचित्र काय असते याचे एक उदाहरण आपल्यापासून फार दूरचे आहे, तरी ते देतो. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी प्राग शहराजवळ टेरेझिन येथे ज्यू लोकांना कोंडून ठेवले होते. त्यांत फ्रीडल डिकर-ब्रँडाइस नावाची एक चित्रकार स्त्री होती. तिने तेथील मुलांना लपूनछपून चित्रकला शिकविली. मिळेल त्या कागदावर, जुन्या नमुन्यांच्या पाठीवर, मुलांनी चित्रे काढली: सोडून आलेले घर, जेवणाचे टेबल, फुलपाखरे, कुरण, आणि तेथल्या तीन मजली खाटा व पहारेकरीही. तिची रवानगी होण्यापूर्वी तिने ती चित्रे दोन पेट्यांत भरून ठेविली. १९४४ च्या ऑक्टोबरात ऑशविट्झ येथे तिला ठार करण्यात आले. चित्रे काढणाऱ्या मुलांपैकी बहुतेक वाचली नाहीत. सुमारे साडेचार हजार चित्रे मात्र वाचली व आज ती प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. त्यांतील रेषा वाकड्यातिकड्या आहेत आणि प्रमाणे चुकलेली आहेत. त्या मुलांनी डोंगरांमधून उगवणारा छापील सूर्य काढला असता तर आज आपणांस त्यांच्याविषयी काय कळले असते?

येथे चित्रकलाशिक्षक म्हणतील, “नक्कल केल्यावाचून हात बसत नाही. गाणे शिकणारा आधी गुरूच्या मागून गातो. चित्रकलेला निराळा नियम का?” हा आक्षेप टाकाऊ नव्हे. मुंबईची सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा १८५७ साली सुरू झाली. तेथील प्राध्यापक जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांना अजिंठ्यास नेऊन लेण्यांतील भित्तिचित्रांच्या नकला करविल्या. त्यांत पेस्तनजी बोमनजींसारखे तरुण होते, जे पुढे स्वतः नामांकित चित्रकार झाले. अंधाऱ्या लेण्यांत मचाण बांधून, वर्षानुवर्षे हिवाळ्याचे दिवस तेथे काढून त्यांनी ते काम केले. त्यापूर्वी मेजर रॉबर्ट गिल यांनी केलेल्या नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या, आणि दैवदुर्विलास असा की, या विद्यार्थ्यांच्या नकलांपैकीही पुष्कळ १८८५ साली लंडनमध्येच आगीत गेल्या. ज्या वाचल्या त्यांचे मोल आता फार आहे, कारण मूळ चित्रे तेव्हापासून आणखी झिजली. तेव्हा नक्कल ही हीन गोष्ट आहे असे कोणी म्हणू नये. परंतु ते विद्यार्थी मूळ चित्रापुढे उभे होते. एखादे बोट असे का वळले, एखादा डोळा असा का मिटला, हे त्यांना भिंतीशी नाक लावून शोधावे लागले. आमची मुले नकलेच्या नकलेची नक्कल करतात. ज्याने पहिला डोंगर काढला त्याने तो कोठला पाहिला होता, हे कोणासही सांगता येणार नाही. पहिल्या प्रकारच्या नकलेने डोळा तयार होतो, दुसरीने फक्त मनगट.

आता ज्या गोष्टीने मला सर्वांत अधिक विचारात पाडले तिच्याकडे वळतो. प्रदर्शनात एक संपूर्ण भिंत ‘वारली चित्रांची’ होती. मडकी, पंखे, कापडी पिशव्या, वह्यांची वेष्टने, सर्वांवर पांढऱ्या रंगात तारपानृत्याचे तेच एक वेटोळे आणि दोन त्रिकोणांची तीच माणसे. पाहुणेमंडळी त्यापुढे उभी राहून छायाचित्रे काढून घेत होती. ती कारागिरी वाईट होती असे नाही. परंतु ही कला दुरून, दुकानातल्या पेल्यांवरून व पिशव्यांवरून, आमच्या शाळांत येते आणि ज्यांची ती आहे ते लोक तर आपल्या शेजारी राहतात, ही विपरीत गोष्ट आहे. वारली घरात भिंत शेणामातीने सारवून, वर गेरूचा हात देऊन, तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने बांबूच्या काडीने हे लेखन करतात. त्यातील मुख्य म्हणजे लग्नाचा चौक. तो सवाष्णींनी लिहावयाचा. मध्ये पालघट देवी, भोवती सूर्य, चंद्र, फणी, शिडी. धवलेरीने गीते म्हणावयाची. आणि चौक लिहिल्यावाचून लग्न लागावयाचे नाही. म्हणजे ही शोभेची वस्तू नव्हे, विधी होय. लग्न झाले की काही काळाने भिंत पुन्हा सारवली जाते, चौक जातो, व त्याबद्दल कोणास खंत वाटत नाही.

ती कागदावर आली ती १९७० नंतरच्या दशकात. भास्कर कुलकर्णी हे चित्रकार हस्तकला मंडळाच्या कामासाठी या भागात आले व त्यांनी लोकांना कागद आणि रंग दिले. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांचे नाव त्यानंतर सर्वत्र झाले. १९३४ साली जन्मलेल्या जिव्यांची आई लहानपणीच गेली. त्या धक्क्याने मुलाचे बोलणे बंद झाले आणि तो धुळीत रेघा ओढून आपले म्हणणे सांगू लागला, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. पुढे १९८९ साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली, २०११ साली त्यांस पद्मश्री मिळाली, आणि २०१८ साली ते निवर्तले. त्यांचे मासेमारीच्या जाळ्याचे चित्र पाहावे. साऱ्या कागदभर बारीक रेघांचे प्रचंड जाळे पसरलेले आहे, आणि जाळे टाकणारा माणूस त्यापुढे एवढासा. हे कोणत्याही पेल्यावर नव्हते. पाण्याकाठी उभे राहून ज्याने जाळे पडताना पाहिले, त्यालाच ते सुचावे. आजचे तरुण वारली चित्रकार आगगाडी काढतात, सायकल काढतात, बांधकामाची यंत्रे काढतात. आमच्या प्रदर्शनातील भिंतीवर मात्र यांपैकी काहीही नव्हते. वारली पद्धत म्हणून मुलांनी त्रिकोण घेतले. पाहण्याची सवय घेतली नाही. आणखी एक गोष्ट पालकांच्या कानावर घालावीशी वाटते. भिंतीवर असताना ही कला बायकांच्या हातची होती. कागद, प्रदर्शने आणि पैसा आल्यावर नावे बहुतेक पुरुषांची झाली. आमच्या शाळेत ती आल्यावर तर कोणाचेच नाव उरले नाही.

प्रदर्शनात मला मनापासून आवडली अशी चित्रे थोडी होती, व त्यांपैकी एकासही क्रमांक नव्हता. एक होते रात्रपाळीहून आलेल्या वडिलांचे. बाहेर लख्ख ऊन, खिडकीला लावलेली जाड चादर, आणि अंधाऱ्या खोलीत डोळ्यांवर आडवा हात ठेवून निजलेला माणूस. हाताचे प्रमाण चुकले होते. पाचऐवजी सहा बोटे झाली होती की काय न कळे. परंतु घरात सर्वांना हळू बोलावे लागते, हे त्या चित्रावरून ऐकू येत होते. दुसरे एका ओढ्याचे. त्याचे पाणी मुलाने निळे काढले नव्हते. जांभळट काढले होते. त्यावर कोणीतरी शिसपेन्सिलीने बारीक अक्षरांत ‘पाण्याचा रंग चुकला’ असा शेरा मारला होता. औद्योगिक वसाहतीच्या आसपास राहणाऱ्या कोणाही माणसाला विचारावे की रंग चुकला की नाही. मुलाने जसे पाहिले तसे काढले आणि मोठ्याने पुस्तकातले पाणी आठवून त्याला खोटे ठरविले, याहून गंभीर गोष्ट त्या सभागृहात दुसरी नव्हती. विज्ञानाच्या तासाला आम्ही निरीक्षण करा म्हणून सांगतो. पुढच्याच तासाला, केलेले निरीक्षण पुसावयास लावतो.

पालकांना एक विनंती. काही चित्रांत पाचवीच्या मुलाच्या रेषेवर प्रौढ हाताची छाया स्पष्ट दिसत होती. आईबापांनी प्रेमापोटी रात्री जागून चित्र ‘पुरे करून’ दिले, हे उघड होते. पाल्याचे पायताण फाटले तर आपण नवे घेऊन देतो, पण त्याच्याऐवजी आपण शाळेत चालत जात नाही. मुलाचे वेडेवाकडे चित्र वेडेवाकडेच लागू द्यावे. आणि ते लागले म्हणजे ‘छान आहे’ म्हणून पुढे न जाता, “हे तू कोठे पाहिलेस?” एवढे एकच विचारावे. उत्तर ऐकावयास दोन मिनिटे थांबावे लागेल. कदाचित आपल्या घराविषयी आपणांस ठाऊक नसलेले काहीतरी ऐकावयास मिळेल.

परीक्षकांसाठीही एक सूचना आहे, व ती खर्चाची नाही. चित्राखालच्या चिठ्ठीवर नाव व इयत्ता यांच्याखाली तिसरी ओळ असावी: ‘हे कोठे पाहिले’. ‘बोईसर स्टेशनचा पूल’, ‘आजीचे अंगण’, ‘सातपाटीचा मासळीबाजार’, ‘स्वप्नात’, असे काहीही चालेल. स्वप्न हेही पाहिलेलेच असते. ‘पुस्तकात’ असे लिहिले असेल तरी हरकत नाही, परंतु मग ते चित्र नकलेच्या वर्गात ठेवावे व तेथे त्याला खुशाल पहिला क्रमांक द्यावा. एवढ्याने पुढील वर्षी त्या खिंडीतल्या सूर्याची गर्दी कमी होईल असा माझा अंदाज आहे.

वारली भिंतीच्या बाबतीत शाळांना थोडे अधिक करता येईल. बहुतेक शाळांच्या आवारात पायखान्याची किंवा सायकली ठेवण्याच्या छपराची एखादी ओकीबोकी भिंत असते. गेरू आणि तांदळाचे पीठ महाग नाही. शाळेत वारली मुले असतात. त्यांच्या आया, आज्या, मावश्या यांपैकी ज्यांना लिहिता येते अशांना मानाने बोलवावे, जाण्यायेण्याचे भाडे व दिवसाची मजुरी द्यावी, आणि भिंतीखाली त्यांची नावे लिहावी. लग्नचौक मात्र त्यांच्याकडे मागू नये, तो लग्नघरचाच. बाकी काय काढावयाचे ते त्यांचे त्यांनी ठरवावे. त्या लिहीत असता आठवीच्या वर्गाचे दोन तास बुडाले तरी बुडू द्यावेत, व मुलांना हातात कागद न देता नुसते शेजारी बसू द्यावे.